अठ्ठेचाळीस सेकंदांचं वाचन

शिक्षकांच्या खोलीत तिला सगळे रेकॉर्डबाई म्हणत. सत्तावीस वर्षं दुसरीचा वर्ग सांभाळल्यावर, पन्नाशी उलटल्यावर मिळालेलं हे नाव. तोंडाने ती "काहीतरीच तुमचं!" म्हणायची, पण मनातून खूश होती.

शाळेत टॅब आले तेव्हा बाकीच्यांनी मुलांना गाणी लावून दिली. मुलं चिडीचूप, शिक्षक निवांत. हिला ते काही पटेना. पडद्याकडे टक लावून बसलेलं मूल शिकतंय की नुसतं गप्प बसलंय, हे कळायचं कसं? मग तिने भाचीला पिडून पिडून आवाज रेकॉर्ड करायला शिकून घेतलं. वर्गातल्या कपाटामागे एक स्टूल, एक टॅब आणि एक हेडफोन ठेवला. रोज चार मुलांची पाळी. मुलाने एक पान वाचायचं, आपलंच वाचन ऐकायचं, चुकलंसं वाटलं तर पुन्हा वाचायचं. सगळ्या वर्गासमोर उभं केलं की ज्यांची बोबडी वळायची, ती पोरं कपाटामागे खुशाल वाचू लागली. आपली चूक त्यांना बाईंच्या आधी कळू लागली. "मी काही करत नाही हो," ती सांगायची, "मी नुसती शेजारी गप्प बसते."

वर्गात एका शिंपीणबाईंची मुलगी होती. तिला अक्षरं सगळी यायची, पण बोलताना अडखळायची. शब्द घशात अडकला की डोळे मिटून, मान पुढे काढून ती तो ओढून आणायची. येईपर्यंत बघणाऱ्याचाच जीव वरखाली व्हायचा.

पाच शाळांचे शिक्षक कपाटामागचा हा कोपरा बघायला येणार असं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, एखादं ठसठशीत उदाहरण दाखवा. कच्चं होतं आणि पक्कं झालं, असं."

तशी मुलं तिच्याकडे एक सोडून दहा होती, आणि खरीखुरी होती. पण ती मुलं काय, आज ना उद्या शिकलीच असती, असं कोणीही म्हणालं असतं. तिला शिंपीणबाईंची मुलगीच दाखवायची होती. हाव सुटली होती, दुसरं काय!

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर ती त्या मुलीचं वाचन असलेला टॅब घेऊन बसली. आवाज कापायची सोय भाचीनेच दाखवली होती. पडद्यावर आवाजाची पट्टी दिसायची, नको तो तुकडा बोटाने निवडायचा आणि उडवायचा. मध्ये मध्ये तिचा स्वतःचाही आवाज होता, तो तिने सगळ्यात आधी उडवला. मग अडखळणं काढलं, धाप काढली, रिकाम्या जागा काढल्या.

"काय चाललंय?" नवऱ्याने विचारलं.

"आवाज साफ करतेय," ती म्हणाली. शब्द तर पोरीचेच आहेत ना, अशी तिने मनाची समजूत घातली. दोन मिनिटं दहा सेकंदांचं वाचन अठ्ठेचाळीस सेकंदांवर आलं.

पाहुण्यांसमोर ते लागलं. विहिरीतल्या कासवाचा धडा, पाण्यासारखा वाहणारा. टाळ्या झाल्या. तिसऱ्या बाकावर बसलेल्या त्या मुलीने मान वळवून मागे पाहिलं, दुसरी कोणी वाचतेय का म्हणून. रेकॉर्डबाईंनी ते पाहिलं आणि लगेच फळ्याकडे तोंड फिरवलं. मुख्याध्यापकांनी कौतुकाने ते वाचन मुलीच्या आईच्याही फोनवर पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी शाळा सुटताना शिंपीणबाई वर्गाच्या दारात उभ्या. गळ्यात मापाची टेप तशीच, हाताला धरलेली मुलगी.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू? सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं मी. पण एक सांगा, ही घरी असं का करते? इथे घडाघडा वाचते आणि माझ्यासमोर बसली की अडकते. मी म्हटलं, आईपुढे नाटकं करतेस? परवा एक चापट मारली. तेव्हापासून तोंडच उघडत नाही. काही विचारलं की माझा फोन उचलते आणि ते वाचन लावते."

'होईल हो हळूहळू, मुलांचं असंच असतं' हे वाक्य बाईंच्या ओठांवर तयार होतं. सत्तावीस वर्षांत ते शेकडो पालकांना सांगून झालं होतं आणि आजही सहज खपलं असतं. पण मुलीने आईचा फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"ती नाटक करत नाही," बाई म्हणाल्या. "तिने तसं वाचलेलंच नाही. ती जिथे जिथे अडखळली, ते सगळं मी कापलं."

"कापलं म्हणजे?" दिवसभर कात्री चालवणाऱ्या त्या बाईला काही उमजेना. उमजलं तेव्हा त्या बाकावर मटकन बसल्या. "म्हणजे मी हिला उगाच मारलं?"

बाई त्यांच्या समोरच्या बाकावर टेकल्या.

"खरं वाचन आहे का तुमच्याकडे?" शिंपीणबाई म्हणाल्या. "ते ऐकवा मला."

मूळ वाचन टॅबवर वेगळं, तसंच्या तसं होतं. बाईंनी टॅब बाकावर ठेवला आणि ते लावलं. तिघी ऐकू लागल्या.

"का... का... का..." मुलीचा आवाज आला. त्यापाठोपाठ मोठ्या माणसाचा, "च्! चल ना गं, घंटा होईल आता." मग नुसती धाप. मग पुन्हा "वि... वि..." आणि पुन्हा तोच आवाज, "राहू दे, मीच सांगते. विहीर. म्हण, आणि पुढे वाच."

बाईंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. कापताना हे सगळं त्यांनी ऐकलं होतं. बोट ठेवून पुसून टाकलं होतं आणि पाहुण्यांना हसून सांगितलं होतं, मी नुसती शेजारी गप्प बसते. शिंपीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दोन मिनिटं दहा सेकंद संपेपर्यंत त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

वाचन थांबलं. मुलीने तोंड वर केलं.

"बाई, तु... तु..."

आईचे ओठ हलले, पण तिने शब्द पुरवला नाही. बाईही थांबल्या. बाहेर शिपाई एकेक वर्ग बंद करत येत होता. मुलीने डोळे मिटले, मान पुढे काढली.

"तु... तुमचं पण कापलं?"

"हो," बाई म्हणाल्या. "आधी माझंच कापलं."