आशीर्वादापर्यंत बसायचं

चर्चमध्ये हसायचं नाही, हे मला आईनं मांडीला चिमटे काढून शिकवलं. त्यामुळं उपासनेत आलेलं हसू तिथंच दाबायचं आणि नंतर चहाच्या वेळी बाहेर काढायचं, अशी सवय लागली. आता वय झालं, चिमटे काढणारं कुणी उरलं नाही, सवय मात्र गेली नाही. दर रविवारी थोडं थोडं साठत जातं. अलीकडं तर इतकं साठलंय, की तुम्हाला सांगून मोकळं झालेलं बरं.

आमची चर्चची मंडळी छोटी. घोटावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला एक गोदाम आहे, तिथं आमची उपासना चालते. पूर्वी त्यात कोंबडीखाद्याची पोती असायची. मालक तात्या. निम्मी जमीन विकली, उरलेल्यावर खोल्या बांधून भाड्यानं दिल्या आणि गोदाम आम्हाला दिलं. तात्या आमच्यातले नव्हेत, पण रविवारी बाहेरच्या कट्ट्यावर बसून सगळी उपासना ऐकतात. कुणी विचारलंच तर म्हणतात, "ऐकतोय कुटं? टॅक्टर निघायची वाट बघतोय." आमच्या गाड्या त्यांच्या फाटकात लागलेल्या असतात, हेही खरंय.

तर आमचे पास्टर एकदा पुण्याला शिबिराला गेले आणि येताना 'सर्वसमावेशक उपासना' हा शब्द घेऊन आले. अपंग, आजारी, म्हातारं, कुणालाच परकं वाटू नये अशी उपासना करायची. पुढच्या रविवारी अख्खा उपदेश त्याच्यावरच झाला. आमच्यात व्हीलचेअरवाले एकटे विल्सनकाका. जन्मभर ट्रक चालवला, शुगरनं पाय गेला, जीभ शाबूत राहिली. ते चहाच्या वेळी म्हणाले, "पास्टर, समावेशाचं बघू सावकाश. आधी समोसे ठेवा." 

तेव्हापासून आमच्याकडं समोसे आहेत.

*

पहिलं काम रॅम्पचं. मी कंपनीत मेंटेनन्सला होतो, म्हणून ते माझ्याच गळ्यात पडलं. मीही जीव ओतून केलं. उतार बरोबर, कठडा भक्कम, चाक घसरू नये म्हणून फरशी खरखरीत. फीत लावली, प्रार्थना झाली, टाळ्या झाल्या. विल्सनकाका झोकात वर चढले आणि दारात धाडकन थांबले.

दाराला वीतभर उंबरा होता. तो आम्ही इतकी वर्षं ओलांडत होतो, की कुणाच्या ध्यानातच आला नाही.

काका मागं वळून मला म्हणाले, "स्वर्गाच्या दारापर्यंत आणलंस बाबा. आता मागनं एक लाथ घाल, म्हणजे आत पडतो."

उंबरा तात्यांचा. तो फोडू का असं त्यांना विचारायचं कसं, यावर आमची कुजबुज चालली होती. कोण काय मानत असेल, सांगता येतं का? तोवर तात्याच पहार घेऊन आले. "कोंबडीच्या खाद्याला कसली आलीय लक्ष्मी? सरका." अर्ध्या तासात उंबरा गेला.

*

मग पास्टरांनी शब्द बदलले. गाण्याच्या आधी ते नेहमी म्हणायचे, "सर्वांनी उभे राहावे." शिबिरात त्यांना सांगितलं होतं, की यामुळं बसलेल्या माणसाला वाईट वाटतं. म्हणून त्या रविवारी ते फार मायेनं म्हणाले, "ज्यांना शक्य आहे, त्यांनी उभे राहावे."

कुणीच उठलं नाही!

म्हणजे वाईट हेतू कुणाचा नव्हता. एकाची कंपनीत रात्रीची तिसरी पाळी झालेली, एकीचे गुडघे, एकाचा मणका. शक्य आहे का, असं प्रेमानं विचारल्यावर माणूस स्वतःला चाचपून बघतो, आणि बघितलं की काही ना काही सापडतंच. पास्टर एकटेच उभे राहून गात होते.

विल्सनकाका इकडंतिकडं बघून म्हणाले, "घ्या. माझ्यापायी सगळी मंडळी अपंग झाली."

*

याच सुमारास रूथबाई आल्या. लवळ्याच्या एका हॉस्टेलच्या मेसमध्ये त्या पोळ्या करतात. बरोबर मुलगी, मोनू. वीस-बावीस वर्षांची, चांगली उंच, दोन वेण्या. शरीरानं वाढली, बुद्धीनं लहान राहिली. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलंय, रूथबाई ते घेत नाहीत. मोनू मोठ्यांदा बोलते, मोठ्यांदा हसते, आणि मनात आलेलं मनात ठेवत नाही.

रूथबाईंनी पास्टरांना पहिला प्रश्न विचारला तो असा, की बाहेर स्पीकर आहे का. पास्टर म्हणाले, आहे, पण तुम्हाला कशाला? तर म्हणाल्या, आम्ही बाहेरच असतो.

मग हळूहळू कळलं. आधीच्या एका चर्चमध्ये त्यांना दर वेळी सांगायचे, मुलीला जरा फिरवून आणा. दुसऱ्या ठिकाणी चार जणांनी मोनूच्या डोक्यावर हात ठेवून भूत काढायला घेतलं. पोर भेदरून रडायला लागली, तर म्हणाले, बघा, निघतंय! तेव्हापासून या दोघी बाहेर, खिडकीशी उभ्या राहायच्या. उपासना संपवणारा शेवटचा आशीर्वाद स्पीकरवर सुरू झाला, की रूथबाई घाईघाईनं म्हणायच्या, "चल, चप्पल घाल, लोक यायच्या आत." लोक आले की बघणार, विचारणार, चुकचुकणार. ते नको.

आता आमच्याकडं त्या आत बसायला लागल्या, पण दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर, खांद्याची पिशवी खांद्यालाच. आणि आशीर्वादाच्या आधी उठून जायच्याच. कारण आशीर्वादाला सगळे उभे राहतात. मोनूला वाटतं निघाले, आणि ती चपलांकडं धावते. एकदा माझ्या बायकोनं म्हटलं, थांबा की. तेव्हा रूथबाई म्हणाल्या, "एकदा आत बसून आशीर्वाद घ्यायचाय हो. डोळे मिटून. पण हिच्यावरचे डोळे मिटू कसे?"

 

*

शिबिरात पास्टरांना असंही सांगितलं होतं, की एक 'शांत कोपरा' असावा. गोंगाटानं कुणी बावरलं, तर तिथं जाऊन बसावं. आम्ही पडदा लावला, सतरंजी टाकली, उशा ठेवल्या, दिवा मंद केला.

मोनू तिकडं फिरकली नाही. तिला गोंगाट आवडतो. एकदा मात्र उपदेश रंगात आला असताना ती उठली, सरळ पडदा सरकवून आत गेली आणि ओरडली, "श्श! देव बोलतोय!"

आत तिसरी पाळी करून आलेले दोघं घोरत होते.

*

मोनूचं नाव गाजलं ते 'बास'मुळं. आमचे पास्टर मनानं सोनं, पण बोलायला लागले की घड्याळ विसरतात. एका रविवारी तिसऱ्यांदा तोच दाखला सुरू झाला आणि मागून खणखणीत आवाज आला, "बास!"

रूथबाई ताडकन उठल्या. पिशवी सावरून, मोनूचा दंड धरून निघाल्याच. पास्टर वरून म्हणाले, "बसा रूथबाई. तिचं बरोबर आहे, माझं झालंच होतं." आणि खरंच थांबले.

मग ती रीतच पडली. मोनू बास म्हणाली की बास. मंडळी तिच्याकडं आशेनं बघायला लागली. एखाद्या रविवारी ती फार वेळ गप्प राहिली, तर विल्सनकाका खुणेनं विचारायचे, काय गं, बरी आहेस ना?

तात्यांनीही पास्टरांना गाठून सल्ला दिला. "पास्टर, त्या पोरीचं ऐकत जावा. लई शहाणी हाय ती. माजा टॅक्टर येळंवर निगतो."

*

आता शेवटचा किस्सा. मंडळीचा वर्धापनदिन होता, आणि उपदेशाला शहरातून एक मोठे पाहुणे येणार होते.

आदल्या आठवड्यात कारभाऱ्यांची बैठक झाली. एका जणानं घसा खाकरून सूचना मांडली, की पाहुण्यांसमोर उगाच शोभा नको, तेवढ्या एका रविवारी मोनूला बाहेर बसवावं. बाहेर खुर्ची देऊ, समोसाही देऊ. रूथबाई नेमक्या चहाचे कप उचलायला आत आल्या होत्या. कुणी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "बसू की आम्ही बाहेर. सवय आहे."

इतक्या सहज म्हणाल्या, की ऐकवेना. मला राग आला.

विल्सनकाका म्हणाले, "मग माझीपण खुर्ची बाहेर काढा. माझी कुठं शोभा आहे?" पास्टरांनी वही मिटली आणि सांगितलं, सगळे आत बसतील.

रविवारी गर्दी झाली. रूथबाई नेहमीच्या खुर्चीवर, पिशवी खांद्याला. पाहुणे इस्त्रीचे कपडे घालून उभे राहिले आणि म्हणाले, माझे फक्त तीन मुद्दे आहेत. पहिला मुद्दा झाला. दुसऱ्या मुद्द्याला फांद्या फुटल्या. फांद्यांना पानं फुटली.

"बास!" मोनू म्हणाली.

पाहुण्यांना आमची रीत कुठून माहीत? ते हसले, आणि पुढं बोलायला लागले. थोड्या वेळानं पुन्हा "बास!" आता पाहुण्यांच्या कपाळाला आठी पडली. दोन-चार जणांनी मागं वळून बघितलं. रूथबाई उठल्या. पण दारात विल्सनकाका होते. गर्दीत जागा नाही म्हणून त्यांनी खुर्ची बरोबर दारात लावली होती, आणि ब्रेक दाबला होता. रूथबाईंनी हळूच विनवलं. काका पाहुण्यांकडं एकटक बघत राहिले. त्यांना ऐकू गेलं नाही का, हे मी विचारलंय. ते सांगत नाहीत.

पाहुणे म्हणाले, "आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा..."

मोनू उभी राहिली. तिनं दोन्ही हात वर केले, पास्टर करतात अगदी तसे, तळवे मंडळीकडं. आणि आशीर्वाद द्यायला सुरुवात केली.

पहिल्या शब्दाला सगळ्यांच्या माना आपोआप खाली गेल्या. सवयच ती, कोण देतंय ते कोण बघतो? शक्य आहे की नाही हे न तपासता सगळी मंडळी उभी राहिली. मोनू सावकाश, स्पष्ट म्हणत होती. कृपा, प्रीती, सहभागिता, एक शब्द गळला नाही. इतकी वर्षं खिडकीतून ऐकलेला सगळा आशीर्वाद तिनं शेवटपर्यंत म्हटला, आणि त्याला जोडूनच, त्याच सुरात, हात तसेच वर ठेवून म्हणाली:

"...तुम्हा सर्वांबरोबर असो. चल, चप्पल घाल, लोक यायच्या आत."

"आमेन," मंडळी म्हणाली.

बाहेर तात्यांनी ट्रॅक्टर चालू केला.

पाहुण्यांचं एक बोट अजून वरच होतं. त्यांनी पास्टरांकडं बघितलं. पास्टर अदबीनं म्हणाले, "साहेब, आशीर्वाद झाला. त्याच्यापुढं मला काही घालता येत नाही."

लोक चपलांकडं निघाले. काकांनी ब्रेक काढला. मोनू आईचा हात ओढायला लागली, चल, चल. रूथबाईंचे डोळे अजून मिटलेलेच होते. त्यांनी ते उघडले, खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली आणि परत खुर्चीत बसल्या.

"बस गं मोनू," त्या म्हणाल्या. "लोकांना जाऊ दे आधी."