नत्थूजींचा सोलो

आमच्या नागपुरात रॉक वाजवणारा एक माणूस होता, असं सांगितलं की पुण्यामुंबईचे लोक गालातल्या गालात हसतात. हसू द्या. नत्थूजी पौनीकरांना त्यांनी ऐकलं नाही, यात नुकसान त्यांचं झालं, माझं नाही.

नत्थूजी लकडगंजातल्या एका आरामशीनवर लाकूड पारखायचे. ओंडक्यावर बोटाने टकटक करायची आणि तो आतून भरीव की पोकळ ते सांगायचं, हीच त्यांची नोकरी. कान इतका पक्का की शेठ डोळे मिटून त्यांच्या शब्दावर माल उचले. साठ-बासष्टच्या सुमारास अजनीच्या रेल्वे क्वार्टरातला एक अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून गेला आणि जाताना विलायती रॉकच्या सात रेकॉर्डी नत्थूजींना देऊन गेला. त्या सात रेकॉर्डी हीच त्यांची शाळा नि त्याच मास्तर. इंग्रजी त्यांना 'यस-नो'पलीकडे येत नव्हतं. म्हणायचे, "गाणारा काय म्हणून राहिला ते मले नाही समजत गा. पण गिटार काय म्हणते, ते समजते."

विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून गिटार त्यांनी स्वतः बनवली. जुन्या सागवानाची फळी, तिला तासून आकार दिलेला, आणि आतलं वायरिंग आमचा दोस्त ओमप्रकाश याने बसवलं. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिटार झाली झकास, पण वजनाला धोंडा! उभ्याने वाजवायची सोय नाही. मग नत्थूजी स्टुलावर बसून वाजवत. पांढरा शर्ट, पायात रबरी चप्पल, आणि त्या चपलेचा ताल. रॉक म्हणजे केस वाढवून उड्या मारणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा माणूस पाहायला हवा होता. मांडीवर लेकरू घेतल्यासारखी गिटार घेऊन बसायचा आणि अख्खं मैदान हलवायचा.

गावातल्या एका ऑर्केस्ट्रात ते सोळा वर्षं होते. इतर वेळी मुकाट्याने सिनेमाच्या गाण्यांना साथ करायची. मध्यंतराच्या आधीची दहा मिनिटं मात्र त्यांची. निवेदक म्हणे, "आता गिटार सोलो," आणि ज्यांना चहा प्यायचा असेल तेही जागचे हलत नसत. आम्ही पाचसहा जण तर त्या दहा मिनिटांसाठीच सायकली हाणत जायचो, गणपती असो की शारदोत्सव. मी सरकारी कचेरीतला कारकून, दिवसभर तोंडातून 'हो साहेब'शिवाय शब्द नाही. ती सगळी कसर मी नत्थूजींच्या सोलोला भरून काढत असे. तोंडात दोन बोटं घालून मी शिटी वाजवली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायची. याचा मला अभिमान होता.

एका माणसाने मात्र तो सोलो कधीच ऐकला नव्हता, ती म्हणजे त्यांची बायको. रंभाबाईंना घर सोडताच येत नसे. आधी लेकरं लहान, मग सासूला अर्धांग झालं, आणि ती म्हातारी नऊ वर्षं खाटेवर होती. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात सासू गेली. तेव्हा नत्थूजींनी बायकोला शब्द दिला, "औंदा शारदोत्सवात पहिल्या रांगेत तुही खुर्ची." कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते. आरामशीनवर, भर दुपारी, ओंडका तपासताना छातीत कळ आली आणि नत्थूजी तिथेच गेले. पन्नाशीही झाली नव्हती. मी त्या दिवशी कचेरीत, साहेबासमोर, लहान पोरासारखा रडलो.

तेरवीला आम्ही सगळे त्यांच्या नंदनवन वस्तीतल्या घरी गेलो. निघताना रंभाबाई दारात आल्या. "भाऊ, मले त्यायचं ते स्टेजवरचं एकदा तरी ऐकाचं हाये. तुमच्यापाशी काही हाये का?"

ओमप्रकाशची मान एकदम ताठ झाली. मागच्या गणपतीत त्याने टेपरेकॉर्डर नेला होता आणि सगळा सोलो टेप केला होता. त्यानंतर ती कॅसेट आम्ही कोणी लावलीच नव्हती. माणूस समोर बसून वाजवत असताना टेप कोण ऐकतो?

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. रंभाबाई पदर सावरून भिंतीशी बसल्या. ओमप्रकाशने बटण दाबलं. निवेदकाचा आवाज आला, स्टूल सरकल्याचा आवाज आला, गिटारची पहिली तार वाजली.

आणि पाठोपाठ माझी शिटी.

मग ओमप्रकाशचं "मार डाला उस्ताद!", मग टाळ्या, मग पुन्हा माझी शिटी. टेपरेकॉर्डर आम्ही आमच्याच मांडीवर ठेवला होता ना! स्पीकरजवळ ठेवावा एवढी अक्कल सहा जणांत मिळून नव्हती. पंगतीच्या गलक्यात कुणी हळूच श्लोक म्हणावा, तशी गिटार खाली कुठेतरी वाजत होती. दहाची दहा मिनिटं तेच. ज्या सुरावर आम्ही जीव ओवाळून टाकत होतो, तो आम्हीच आमच्या हाताने बुजवला होता. आणि दुसरी टेप जगात नव्हती. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ओमप्रकाशने घाईघाईने बटण बंद केलं. "वहिनी, माफ करा," मी म्हणालो. "आमच्या ओरडण्यात त्यांचं वाजवणं ऐकूच नाही आलं."

रंभाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या.

"वाजवणं तं मी रोज ऐको, भाऊ," त्या म्हणाल्या. "पहाटे उठून माह्या चुलीपाशीच बसत. तो सूर मले पाठ हाये. हे ओरडणं नव्हतं ऐकलं. घरी आले का सांगत, आज लोकायनं असं केलं, आज लोकायनं तसं केलं. अन् मी म्हणो, पुरे करा तुमच्या फेका, हात धुवा, भात वाढते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "सोळा वर्षं खरं बोलत होते गा हे."

आम्ही माना खाली घालून बसलो.

"पुन्हा लावा," रंभाबाई म्हणाल्या. "त्या शिटीपासून."