सेठचं असगंध मी पास केलं

जबलपूरला आमच्या मोहल्ल्यात माझ्या आईला ‘डंडीवाली’ म्हणत. नळावर तिची घागर लागली की मागून कोणीतरी म्हणायचंच, “पाणी देख के भरना, डंडी मिला देगी.”

आई एका सेठच्या जडीबुटीच्या गोदामात असगंध, म्हणजे अश्वगंधा, निवडायची. औषधात तिचं मूळ लागतं, खोड चालत नाही. पण बुंध्याजवळचं खोड वाळलं की हुबेहूब मुळासारखं दिसतं. आई तुकडा मोडून बघायची. मूळ कटकन तुटतं, बोटाला पीठ लागतं. खोड तुटताना धागे सुटतात. सात वर्षं तिने हेच केलं. मग एकदा माल परत आला, त्यात खोडं, म्हणजे बाजारातल्या बोलीत डंडी, निघाली होती. कोणी मिसळली ते मला आजही ठाऊक नाही. सेठने विचारलंच नाही, त्याला फक्त एक नाव हवं होतं. सगळ्या बायांसमोर तो म्हणाला, “ये मराठी बाई डंडी मिलाती है.” त्यानंतर जबलपूरच्या एकाही गोदामाने तिला दारात उभं केलं नाही.

मी तेव्हा अकरावीत होते. पुढे बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं. लोकांना वाटतं, आवड असेल. आवड कसली, डोक्यात राग होता. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मान वर करून सांगते. प्रॅक्टिकलला ब्लेडने पातळ काप घेतला, लाल रंगात बुडवला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. खोडाच्या मधोमध मऊ भेंड, म्हणजे गाभा, असतं आणि त्याच्याभोवती पाणी नेणाऱ्या नळ्यांचं कडं. असगंधाच्या मुळात मधोमध भेंड नसतंच, थेट केंद्रापर्यंत लाकूड. म्हणजे आईच्या बोटांना जे कळत होतं तेच इथे डोळ्यांना दिसत होतं.

महाराजपूरकडे एका औषध कारखान्यात मला माल तपासायची नोकरी लागली. दुसऱ्या वर्षी एका गाडीच्या कागदावर त्या सेठचं नाव वाचलं आणि माझ्या मनात लाडू फुटले. पोत्यांच्या वरून, मधून, तळातून तुकडे काढले, भिजवले, कापले. पहिला काप मूळ. दुसरा मूळ. चाळीस काप घेतले. एक तरी खोड सापडावं म्हणून देवाला हात जोडले. सगळी मुळंच!

खोटं लिहिलं असतं तर कोणी पाहणार नव्हतं, सही माझीच होती. पेन उघडून मी बराच वेळ बसले. पण मुळाला खोड म्हणायचं म्हणजे सेठच्या पंगतीला जाऊन बसायचं. तेवढी मी उतरले नाही. त्याला सोडलं मात्र नाही.

त्याला आत बोलावलं. त्याने मला ओळखलं नाही. “दीदी जी, माल तो पास है न?”

मी टेबलावर दोन वाळके तुकडे ठेवले. एक त्याच्याच पोत्यातलं मूळ, दुसरं आमच्या नमुन्यांच्या बरणीतलं खोड. “इसमें जड़ कौन सी है, सेठ जी?”

तो हसला. दोन्ही हुंगले, उलटसुलट केले आणि खोड उचललं. मी ते त्याच्यासमोर ब्लेडने कापलं. “ये बीच में मुलायम देख रहे हो? जड़ में ये नहीं होता. आपने डंडी उठाई है.”

“अरे, हम व्यापारी आदमी, हमको क्या पता!”

“पता नहीं था, तो मेरी माँ को चोर कैसे बोला?”

मग आईचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. दारात त्याचेच हमाल उभे होते. शिक्का अजून माझ्या हातात होता.

“बोलो, मुझे डंडी पहचानना नहीं आता.”

तो पुटपुटला.

“ज़ोर से.”

तो मोठ्याने बोलला. एक हमाल फिस्सकन हसला. त्या हसण्याची गोडी अजून माझ्या जिभेवर आहे. मग मी शिक्का मारला.

घरी येऊन सगळं सांगितलं. ‘ज़ोर से’ हे आईने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग विचारलं, “अन् माल?”

“पास केला.”

“काहून?”

“चांगला होता, आई.”

“मंग? माह्याबद्दल कोणी पाहिलं होतं का चांगलं-वाईट? इतकी वर्षं शिकली, अन् एक शिक्का उलटा नाही मारता आला तुले?”

“मग त्याच्यात अन् माझ्यात फरक काय राहिला असता?”

“अच्छा. चलो, तू मोठी साधू झाली.”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

कारखान्याच्या नियमाने दहातलं एक पोतं उघडायचं असे. सेठचा माल आला की मी दहाच्या दहा उघडायला लावायचे. त्याची गाडी दुपारपर्यंत उन्हात उभी राहायची. संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच आई विचारायची, “निघाली का डंडी?”

“नाही अजून.”

“पाहत राय,” ती म्हणायची, आणि चहा टाकायची.