गोळी कोणती, हे अजून माहीत नाही

"गर्भ पडलाय, पण पूर्ण नाही," सोनोग्राफी बघत डॉक्टर मॅडम म्हणाल्या. रिपोर्टवर 'रिटेन्ड प्रॉडक्ट्स' लिहिलं होतं, म्हणजे गर्भाचे काही अंश पिशवीतच राहिले होते.

तिसरा महिना होता. वीस दिवस रक्त जात होतं आणि मी ते अंगावर काढलं. झरीजवळच्या गावात मी अंगणवाडी सेविका आहे. बायकांना "लगेच दवाखाना गाठा" असं सांगणारी मीच. माझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र थांबेल आपोआप म्हणत बसले. हा शहाणपणा तुम्ही करू नका.

परभणीत पिशवी साफ करायचं ठरलं. रक्त तपासायला दिलं आणि सासूबाईंसोबत बाकावर बसून राहिले. रडायचंसुद्धा जिवावर आलं होतं. लग्नाला सात वर्षं झाली, मूल हवं होतं. आता निदान पिशवी तरी नीट राहो, एवढंच मागणं उरलं होतं.

तेवढ्यात मॅडम संमतीचा चार पानी कागद घेऊन आल्या. ऑपरेशनआधी एक गोळी दिली तर पिशवीचं तोंड मऊ होऊन काम सोपं होतं का, याचा अभ्यास चालू होता. निम्म्या बायकांना औषधाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची.

सासूबाई भडकल्या. "माझ्या सुनंवर प्रयोग करायलात का तुमी? आधीच लय खंगली हाय ती!"

"मला कोणती मिळेल?" मी विचारलं.

"मलाही माहीत नाही. अभ्यास संपेपर्यंत ते कुणालाच कळत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी ऑपरेशन आजच होईल."

मग त्यांनी चारही पानं ओळ न् ओळ वाचून दाखवली. कळा येतील, थंडी वाजेल, तेही सांगितलं. ऐकताना मला लाज वाटली. इतकी वर्षं मी बायकांपुढं कागद धरून "इथं सही करा" म्हणत आले. वाचून कधीच दाखवलं नाही.

नवऱ्याला फोन लावावासा वाटला. पण माझी मीच सही केली.

गोळी घेतल्यावर कळा आल्या, थंडीही वाजली. औषधानं की भीतीनं, कोण जाणे. ऑपरेशन नीट झालं. पंधरा दिवसांनी पिशवी स्वच्छ दिसली, तेव्हा सासूबाई मॅडमचा हात सोडेचनात. मीही त्यांचे उपकार विसरणार नाही. थकवा मात्र अजून आहे, आणि मूल होईल का, हे कुणीच सांगत नाही.

परवा एका बाईला सर्वेक्षणाचा फॉर्म पूर्ण वाचून दाखवला. सगळं ऐकून ती म्हणाली, "ताई, मला न्हाई करायची सही."

पूर्वीची मी चिडले असते. "बरं," म्हणाले आणि फॉर्म फायलीत ठेवला.