आत्याचं शिवार आणि बंद लिंक

ज्यानं आमच्या आत्याच्या हातचा चहा घेतला नाही, तो माणूस आमच्या माण गावात राहिलाच नाही, असं मी खुशाल म्हणतो. तिचं दार सकाळी उघडतं ते झोपायच्या वेळीच लागतं. गल्लीभरची पार्सलं तिच्या ओट्यावर, आयटीतल्या भाडेकरूंच्या गाड्या तिच्या अंगणात, आणि गुडघ्याचे एक्स-रे तर तिनं रिक्षावाल्यालाही दाखवलेले. एकदा शेजारच्या साखरपुड्याला आलेले एक गृहस्थ चुकून तिच्याकडं शिरले. तिनं त्यांना पोटभर जेवू घातलं आणि हातावर पाणी घालताना विचारलं, "पाव्हणं, तुमी कुणाकडचं?" पत्ता सांगायची रीतही तिचीच. "आंब्यापासनं उजवीकडं वळा," असं ती सांगते. तो आंबा रस्ता रुंद झाला तेव्हाच गेला. एक पार्सलवाला त्याच्या शोधात पार हिंजवडीपर्यंत जाऊन आला.

आत्याला अजून जुनंच शिवार दिसतं. काचेच्या इमारतींकडं बोट दाखवून ती म्हणते, "ही गवळणीची पट्टी, त्यो चिंचमळा, अन् गाड्या लावल्यात तितं आमची हीर." ही नावं तिच्यासोबत जाऊ नयेत म्हणून मी तिच्या आवाजात ती रेकॉर्ड केली. मी एका कंपनीत क्लाउडवरच्या फायली सांभाळतो. परक्याच्या हाती काही लागू नये, याचाच मला पगार मिळतो. आत्याच्या फायलीही मी क्लाउडवर ठेवल्या, एकेकीला 'सर्वांसाठी खुली' अशी खूण केली आणि लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली.

कुणालाच काही उघडेना. "माझ्याकडं तर उघडतंय," मी ऐटीत सांगत राहिलो. मग दिघीहून धाकट्या आत्याचा फोन आला. लग्नातल्या कुठल्याशा मानपानावरून या दोघी बहिणी सहा वर्षं बोलत नव्हत्या. स्पीकर चालू होता.

"तुम्हाला परवानगी नाही, असं लिवून आलंय. अक्कानंच तसं लिवाय लावलं ना रं?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

शेजारी उभ्या आत्यानं सगळं ऐकलं. "माझ्या नावानं तुझं यंतर लोकास्नी न्हाई म्हणतंय? अन् तिला बी?"

मी लॅपटॉप उघडून तिच्याशेजारी बसलो. फायलींवरच्या खुणा बरोबर होत्या. शेवटी सापडलं. नोकरीतल्या सवयीनं मी सगळ्या साठवणीवरच 'बाहेरच्यांना मज्जाव' असं कुलूप ठेवलं होतं, आणि त्यापुढं फायलींवरच्या खुणांना काही किंमत नव्हती. मी मालक, म्हणून तेवढं मला उघडत होतं.

"म्हंजी घरांची दारं सताड उघडी, अन् येशीलाच आगळ घातलीस व्हय?" आत्या म्हणाली. मी आगळ काढली. मग माझं लॉगिन वगळून, अनोळखी माणसासारखी लिंक उघडून पाहिली. रेकॉर्डिंगमधला आत्याचा आवाज आला. तिनं विचारलं, "धाकटीला यात काय बदलायचं आसंल तर?" मी म्हटलं, "नाही, ऐकता येईल फक्त." ते तिला काही पटलं नाही.

दोन दिवसांनी धाकटीनं थेट आत्यालाच फोन केला. ना नमस्कार, ना चौकशी. "अक्का, हिरीपल्याड जांभूळपट्टी व्हती. तू चिंचमळा म्हणलीस."

"मग ये की हितं. तूच सांग."

ती आली. दोघी गच्चीवरच्या पत्र्याखाली बसून दिवसभर भांडल्या आणि मी रेकॉर्ड करत गेलो. बंद करायचं विसरलो, म्हणून शेवटचा तुकडा राहिला. त्यात धाकटी विचारते, "अक्का, आपुन जेवाय बसायचो त्या बांधाला आई काय म्हणायची गं?" आत्या दोन-तीन नावं घेऊन बघते. "न्हाई... ते न्हवं." मग धाकटी एक नाव घेते, तेही नव्हे. त्या फायलीला मी अजून नाव दिलेलं नाही.