तात्पुरता पंचा

दुपारी अडीचला कमांडर श्रीरंग कारखानीस ऑफिसातल्या टेबलावर डोकं टेकवतात, पाच मिनिटांसाठी. निदान स्वतःला तसं सांगतात. दहीभात खाल्लेला, पंखा घरघरतोय, आणि गालाखाली चौकशी समितीचा अहवाल. तिघांपैकी दोघांच्या सह्या झाल्यात, त्यांची राहिलीय, आणि पाच वाजता तो वर पाठवायचाय.

‘रणवेध’ ही युद्धनौका बुडाली त्याला आज बावीस दिवस झाले. शेजारी देशाशी आधीच तणाव, दोन्हीकडची जहाजं समोरासमोर, आणि अशात आपलं जहाज अकरा मिनिटांत एकेचाळीस माणसांसकट तळाला गेलं. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. टीव्हीवर जो तो शत्रूनं सोडलेला पाणतीर दाखवतोय आणि बदला मागतोय. पाणबुडे तीनदा खाली जाऊन आले. बाहेरून एक भोक नाही. पाणी आलं ते तळाच्या एका गंजक्या झडपेतून, आणि पाणी आलं की वाजणारी घंटी कुणाला ऐकू गेली नाही, कारण तिच्याभोवती फडकं गुंडाळलेलं होतं. हे एवढं साधं आहे, आणि ते कुणालाच नकोय. मंत्र्यांचे लोक विचारतात, पाणतीर नव्हताच अशी खात्री आहे का? वरिष्ठ म्हणतात, पाणतीर नको, पण गंजकी झडपही नको. शेवटी समितीच्या उरलेल्या दोघांनी वाट काढली: खाली ड्यूटीवर असलेल्या जालिंदर खरमाटे यानं घंटीला फडकं बांधलं आणि तो झोपला. कारखानीसांना समितीत घेतलं ते त्यांनी तरुणपणी याच जहाजावर काम केलं म्हणून, पण त्यांचं कोण ऐकतंय? चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संन्यासी मेलेला असला की आणखी सोय, तो तक्रार घेऊन येत नाही.

“साहेब, येऊ का?”

कारखानीस मान वर करतात. दारात उभ्या माणसाचे कान फाइलीतल्या फोटोत आहेत तसेच पुढे आलेले. हा माणूस त्यांनी जिवंतपणी कधी पाहिलेला नाही.

“खरमाटे?”

“व्हय. माज्याबद्दल लिवलंय म्हनं तुमी.”

भीती वाटायला हवी, पण कारखानीसांना हायसं वाटतं. बावीस दिवसांत पहिल्यांदा खुद्द तिथं हजर असलेला साक्षीदार मिळालाय. ते कागद पुढे ओढतात. “बस. आणि सरळ सांग, काय झालं?”

“च्या मिळंल का? लई थंडी हाय खाली.”

“चहा नंतर. आधी सांग.”

“आदी च्या.”

कारखानीस कँटीनला फोन लावतात. फोन वाजत राहतो. स्वप्नातसुद्धा हा कँटीनवाला वेळेवर उचलत नाही, म्हणून ते रिसीव्हर आपटतात. “घंटीला पंचा का बांधलास ते सांग. झोपायला?”

“म्या न्हाई बांधला.”

“मग कुणी?”

“ते मला काय म्हाईत? मी जहाजावर आलो तवा हुताच की.”

ते दोघं आता एका बाकावर बसलेले असतात. समोर खरमाटेच्या गावची, म्हसवडच्या एसटी स्टँडची पाटी. फरशीवर घोट्याएवढं पाणी आलंय आणि ते चढतंय. दुष्काळी माण तालुक्यात इतकं पाणी कधी कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे लोक खुशीत आहेत. पिशव्या मांडीवर घेऊन पाय हलवत बसलेत. कारखानीस ओरडून सांगतात की हे पाणी चांगलं नाही, बाहेर पडा. एक म्हातारा त्यांना हातानंच गप्प बसवतो.

पलीकडच्या बाकावर एक बाई शेजारणीशी बोलतेय. “पेपरात येनार हाय म्हनं, झोपला हुता. अगं, धाकल्या भनीला टायफाइड झाला तवा नऊ वर्षांचा हुता त्यो. चार रात्री तिच्या उशाशी बसला, डोळ्याला डोळा न्हाई लावला. त्यो झोपंल व्हय? आता गावात मान वर करून कसं फिरू मी?”

“आय हाय माजी,” जालिंदर म्हणतो. “तिला मी दिसत न्हाई.”

कारखानीसांना तिथून उठून जावंसं वाटतं. त्यांना लाज वाटते, आणि लाज वाटली की त्यांचा आवाज चढतो. “मग तू जागा होतास तर उठला का नाहीस? घंटी डोक्यावर आणि तुला कळत नाही? एकेचाळीस माणसं गेली, खरमाटे.”

“चला, दावतो.”

समोर लागलेल्या एसटीच्या दारातून जालिंदर आत शिरतो, कारखानीस मागोमाग, आणि पायाखाली लोखंडी शिडी लागते. इंजिनरूम. तेलाचा वास, पिवळा दिवा, भिंतीवर घंटी. तिच्याभोवती मळून काळा झालेला पंचा घट्ट बांधलेला आणि त्याच्या आत घंटी थरथरतेय, पदराखाली धरलेल्या कोंबडीसारखी. आवाज अजिबात नाही.

“अशी हलायची रोज,” जालिंदर म्हणतो. “मोठी लाट आली की हलायची. आमचं उस्ताद म्हनले, हिच्याकडं ध्यान द्यायचं न्हाई, ही खोटारडी हाय. तपासनीच्या दिशी गाठ न सोडता पंचा वर सरकवायचा, साहेब लोक गेलं की परत खाली वढायचा. त्यास्नी त्यांच्या उस्तादानं तसंच शिकिवलं हुतं. मी जागा हुतो, साहेब. हिच्याकडंच बघत बसलो हुतो. म्या म्हनलं, हलती रोजच्यावानी.”

“पण पहिल्यांदा कुणी बांधला? कुणीतरी बांधला असेलच ना!”

“आता माज्यावर कशापायी वरडता?” जालिंदर वैतागतो. “ते बगा की तकडं.”

घंटीखाली स्टूल ठेवलेलं आहे. त्यावर एक तरुण लेफ्टनंट चढलाय. तीन दिवस झोप नसल्यानं डोळे सुजलेले. घंटी विनाकारण ठणाणा करतेय आणि खालची पोरं कानात बोटं घालून बसलीत. तो गळ्यातला पंचा काढतो, पांढरा स्वच्छ, लाल काठाचा, कोपऱ्यावर धोब्याची निळी खूण. “पाण्यावर तरंगणारा गोळा बिघडलाय, म्हणून ही बोंबलते,” तो सांगतो. “नवीन मागवलाय. तो येईपर्यंत तात्पुरतं.”

आवाज ओळखायला कारखानीसांना वेळ लागत नाही. चौदा वर्षांपूर्वीचा त्यांचाच आवाज तो. गोळा त्यांनी खरंच मागवला होता, लेखी. आठ दिवसांत बदली झाली. भाड्याचं घर सोडल्यावर तिथला गळका नळ माणूस विसरतो, तशी ही घंटी ते विसरले. पाणबुड्यांनी काढलेला या घंटीचा फोटो गेला आठवडाभर त्यांच्या खणात आहे आणि तो त्यांनी एकदाही नीट पाहिलेला नाही. का पाहिला नाही ते त्यांना आता कळतं, आणि स्वतःचा असा संताप येतो की ते स्टूलवरच्या पोराला म्हणतात, “गाढवा, उतर खाली.” पोरगा ऐकत नाही. गाठ मारतो, वर दुसरी मारतो, आणि समाधानानं हात झटकतो.

आपल्याकडे तात्पुरतं म्हणून जे बांधतात, ते सोडायला पुन्हा कुणी येत नाही.

“सोडा की मग,” जालिंदर म्हणतो. त्याच्या बोलण्यात ठपका नाही, आणि तेच सोसवत नाही.

कारखानीस स्टूलवर चढतात. पाणी मांडीला लागतंय, कमरेला लागतंय. चौदा वर्षांचं तेल आणि मीठ खाऊन गाठ दगड झालेली. नखं लावतात, नखं मागे वळतात. मग ते दात लावतात आणि ओढतात, ओढतच राहतात.

“ऱ्हाऊ द्या, साहेब. आता सोडून बी काय?” पाणी जालिंदरच्या छातीशी आलंय. “निस्तं येवढं करा, झोपलो हुतो असं लिवू नका. आयला लोक वाचून दावतील.”

दारावर कुणीतरी ठोठावतंय.

“साहेब, चार वाजले.” टायपिंगचं काम पाहणाऱ्या लोटलीकर बाई दारात उभ्या आहेत. “सही झाली असेल तर पाकीट बंद करते.”

कारखानीसांचे जबडे दुखताहेत. पुढच्या दोन दातांत काहीतरी अडकलंय. बोटानं ओढतात तर वीतभर लांबीचा धागा निघतो, तेलानं काळा पडलेला, मध्येच कुठं लाल. तोंडात डिझेलची चव. ते धागा अहवालावर ठेवतात आणि कागदावर तेलाचा डाग पसरताना बघत राहतात.

“बाई, सातवं पान पुन्हा टाईप करायचंय. बसा.”

“आता? पाचला जायचंय ते.”

“जाईल. घ्या लिहून. खरमाटे जागे होते. पूर्णविराम. घंटीला फडकं खरमाटे यांनी बांधलं नव्हतं. ते चौदा वर्षांपूर्वी एका लेफ्टनंटनं बांधलं आणि न सोडता तो बदलीवर निघून गेला.”

बाईंची बोटं थांबतात. “नाव लागेल ना, साहेब. कोण लेफ्टनंट?”

“कारखानीस,” ते म्हणतात. “श्रीरंग. स्पेलिंग तुम्हाला पाठ आहे.”