मध्ये बोलण्याचा सराव

६ फेब्रुवारी. भिजवलेले अवरेकाळू सोलत बसले होते. थंडीत बंगळुरात घरोघरी हे पावट्याचे दाणे येतात आणि एकेक चिमटून सालाबाहेर काढावा लागतो. हात गुंतलेले, म्हणून फोन डब्याला टेकवला होता. व्हिडिओ कॉलवर कॅनडात शिकणारी माझी मुलगी. तिच्याकडे सकाळ होती, दुपारी वर्ग होता.

तिथं वर्गातल्या चर्चेला मार्क असतात. गेल्या सत्रात ती तोंडच न उघडल्यामुळे नापास झाली. पुन्हा तेच झालं तर शिष्यवृत्ती बंद, म्हणजे शिक्षण बंद.

"मला कुणी विचारतच नाही गं. एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू."

"मग तूही घुस."

"बाई बोलत असताना?"

"बाई असोत नाहीतर बाईंची आई!"

आमच्या घरात मोठं माणूस बोलत असलं की लहानांनी गप्प बसायचं. कॉलेजातही विचारल्यावरच बोलणारी ती गुणी मुलगी. वर्गाचा विषय शहरातलं पाणी. इथले तलाव तिनं पायी हिंडून पाहिलेले.

म्हटलं, आत्ताच सराव करू. मी बाई, तू माझं बोलणं तोडायचं. सुरू केलं: बंगळुरात तलाव कधी नव्हतेच, पाणी समुद्रातून येतं, यशवंतपूरला मोठं बंदर आहे. तिला हसू फुटलं, पण ती थांबून राहिली. मी आनेकलला जहाजं नेली, होसकोट्याला दीपगृह बांधलं. तिचं हसू गेलं, डोळे भरले.

"बोल की!"

"तुझं संपू दे ना, आई."

"माझं संपणार नाही!"

सासूबाई आतून म्हणाल्या, "पोरीवर कशाला ओरडतेस? चांगलं वळण आहे तिला."

"त्या वळणानंच नापास होतेय ती," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर तिचा निरोप आला होता: 'नाही जमलं. बोलायला श्वास घेतला, तेवढ्यात दुसरंच कुणीतरी बोललं.' आता पुढचा वर्ग गुरुवारी.

ऑफिसला निघालेल्या नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि तिला फोन लावला. "आम्ही दोघं एकदम बोलणार. तू मध्ये घुसायचं."

"सरी," ती कानडीत 'बरं' म्हणाली.

नवरा मेट्रोवर बोलला, मी भाजीच्या भावावर. तिनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. नवरा तिच्यासाठी थांबायला लागला तसा मी त्याला कोपरानं ढोसलं आणि आवाज चढवला; गुरुवारी वर्गात तिच्यासाठी कुणी थांबणार नव्हतं.